घरातले सगळे दिवे बंद करतात, तरी विजेचं बिल का उतरत नाही?

गोव्यात फोंड्याच्या घरी खोलीबाहेर पडताना प्रत्येकजण दिवा बंद करतो, तरी बिल हलत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते दोष आळसाचा नाही, अंदाजाचा आहे.

जे डोळ्यांना दिसतं, तेच मन खर्चात धरतं. 9 वॅटचा एलईडी 5 तास विसरला तर 0.045 युनिट. 15 लिटरचा गिझर 27 वरून 55 अंशांपर्यंत एकदा तापला की जवळजवळ अर्धं युनिट, म्हणजे त्या दिव्याच्या दहा-अकरा रात्री. पण दिवा डोळ्यांत खुपतो आणि गिझर न्हाणीत मुकाट टांगलेला असतो. अमेरिकेत 2010 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 505 जणांनी उपकरणांचा वापर आणि त्यांतली बचत सरासरी 2.8 पटींनी कमी धरली होती. मोठ्या उपकरणांबाबत चूक सर्वांत मोठी. पावसात रात्रभर पंख्याखाली वाळणारे कपडेही असेच हिशेबातून सुटतात: 75 वॅट, 10 तास, पाऊण युनिट. पंख्याखाली माणूस नाही ना!

एसीबद्दलची समजूत वेगळी. नळ जास्त फिरवला की पाणी जोरात येतं, तसं 18 लावलं की खोली लवकर गार होईल असं वाटतं. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीचा कॉम्प्रेसर 24 ला आणि 18 ला एकाच जोराने चालतो. 18 ला फक्त थांबायचं नाव घेत नाही. गोव्यात त्रास निम्मा दमटपणाचा असतो, म्हणून 26 आणि सोबत हळू पंखा बहुतेकांना पुरतो. एक अंश वाढवला की साधारण 6 टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. आधीच लावून दिलेलं तापमान माणूस सहसा बदलत नाही. 1 जानेवारी 2020 पासून स्टार-लेबलचे एसी कारखान्यातूनच 24 वर लावून देण्याचा नियम आला तो याच भरवशावर.

आता अंदाज सोडून मोजा. मीटरवर 3200 इम्प (imp/kWh), म्हणजे एका युनिटला 3200 लुकलुकी, असं लिहिलेलं असेल तर त्याच्या लाल दिव्याची मिनिटातली प्रत्येक लुकलुक म्हणजे 18.75 वॅट, 8 वेळा लुकलुकला तर 150. एक उपकरण चालू ठेवून बाकीची बंद करा. मध्येच फ्रिज सुरू झाला की आकडा बिघडतो, म्हणून तेवढी पाच मिनिटं तोही बंद.

शेजाऱ्याच्या बिलाशी तुलना मात्र नको. कॅलिफोर्नियात 2007 च्या प्रयोगात शेजारपाजारची सरासरी कळल्यावर जास्त वापरणारे उतरले, पण कमी वापरणारे वर चढले. कौतुकाचा हसरा चेहरा जोडला तेव्हाच ते चढणं थांबलं. स्वतःच्याच गेल्या वर्षीच्या महिन्याशी ताडा, आणि रुपयांत नव्हे, युनिटांत. वापर वाढला की दरही टप्प्याटप्प्याने वाढतो. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, कधी ऑगस्टात येते, कधी सप्टेंबरात, हेही ध्यानात घ्या.

घरच्यांना रोज बजावू नका, चार दिवसांत ते कानाआड होतं. गिझरला टायमर लावा. 2 किलोवॅटच्याला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. टायमर 16 अँपियरचाच घ्या. असा गिझर जवळपास 9 अँपियर ओढतो, 6 वाला वितळेल. विहिरीचा पंप असेल तर टाकीत फ्लोट स्विच बसवा, म्हणजे टाकी भरून वाहेपर्यंत पंप चालत राहणार नाही.