आईचा गुडघा काकांच्या मागे का पडतोय?

प्रश्न: डॉक्टर, माझ्या आईचं (वय ६८) गुडघा बदलायचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले, काकांचंही त्याच सुमारास झालं. काका जिना चढून गच्चीत जातात, आई मात्र अजून काठी घेते आणि खुर्चीवरून उठताना टेबल धरते. शेजारच्या काकू म्हणाल्या बायकांना हे ऑपरेशन मानवतच नाही, तेव्हापासून आई खचलीय. खरंय का हे?
– एक लेक, सांगली

उत्तर: नाही हो, अजिबात खरं नाही, आणि हे आधी आईंना वाचून दाखवा. ऑपरेशननंतर बायकांचं चालणं, जिना चढणं पुरुषांपेक्षा थोडं कमी भरतं हे खरं, पण ऑपरेशनच्या आधीही ते कमीच असतं, आणि आधीच्या मानाने सुधारणा किती झाली ते बघितलं तर बायका पुरुषांच्या बरोबरीने, कधी जास्तच सुधारतात. म्हणजे आईंची तुलना काकांशी नको, सहा महिन्यांपूर्वीच्या आईंशी करा.

मागे पडायचं कारण बहुतेक वेळा उशीर. माझ्याकडे बायका येतात तेव्हा पाय धनुष्यासारखे वाकलेले असतात, आधी मुलीचं बाळंतपण होऊ दे मग दिवाळी होऊ दे असं करत वर्षं गेलेली असतात आणि तोवर मांडीचा पुढचा स्नायू पार सुकलेला असतो. सांधा नवा बसवला तरी पाय उचलणारा स्नायू तोच जुना ना! आणि दोष फक्त बायकांचा नाही, आम्हा डॉक्टरांचाही आहे. कॅनडातल्या ओंटारिओत एक अभ्यास झाला, २००८ साली छापून आला, त्यात एक पुरुष आणि एक बाई, गुडघे सारखेच खराब, तक्रारीही सारख्याच, असे दोघं ७१ डॉक्टरांकडे गेले. पुरुषाला ६७ टक्के डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं, बाईला फक्त ३३ टक्के. वाचून मला आजही वाईट वाटतं.

बायकांसाठी वेगळा सांधा घ्यायला हवा होता का, असंही बरेच जण विचारतात. अमेरिकेत २००६ मध्ये तसा आला होता, पण नेहमीच्या सांध्यापेक्षा विशेष फरक काही दिसला नाही, तेव्हा ती हळहळ सोडा. उलट जंतुसंसर्ग होऊन परत ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण पुरुषांत जास्त आहे, काकांनाही जपायला सांगा.

आता काम मांडीचं. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. मग पाय सरळ ठेवून वीतभर वर उचलायचा. सुधारणा वर्षभर होत राहते, चार महिने म्हणजे अर्धा रस्ताही नाही. पण पोटरी अचानक सुजली, ताप आला किंवा जखमेतून पाणी यायला लागलं तर त्याच दिवशी सर्जनना दाखवा.

आणि आईंना हात न टेकता खुर्चीवरून लागोपाठ किती वेळा उठता येतं ते दर रविवारी कॅलेंडरवर लिहा, पहिल्या दिवशी शून्य आलं तरी लिहा, तुम्ही शेजारी उभ्या राहा म्हणजे झालं. महिन्याने आकडे मला पाठवा, मी वाट बघते.