अटॅकनंतर गुठळीचं इंजेक्शन दिलंय, तरी दुसऱ्याच दिवशी स्टेंट कशाला? महिनाभर थांबलं तर चालेल का?

महिनाभर नका थांबू, इंजेक्शनने गुठळी विरघळली असली तरी साधारण 2 ते 24 तासांत अँजिओग्राफी (डाय टाकून हृदयाच्या नसांचा फोटो) करून गरज असेल तर स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकायचा असं अमेरिकन आणि युरोपियन दोन्ही गाईडलाईन्स सांगतात, म्हणजे तुमचे डॉक्टर उगाच घाई करत नाहीयेत. कारण असं की इंजेक्शन फक्त गुठळी विरघळवतं, आतला चरबीचा फुटलेला थर तिथेच राहतो आणि त्यावर परत गुठळी धरू शकते. अगदी लगेच, 2 तासांच्या आत सहसा करत नाहीत, रक्त पातळ झालेलं असतं ना, ब्लीडिंगची भीती. पण 60-90 मिनिटांनी पण छातीत दुखतंच आहे किंवा ईसीजी सुधारला नाही तर मात्र घड्याळ बघायचं नाही, ताबडतोब कॅथलॅब (जिथे अँजिओग्राफी करतात आणि स्टेंट टाकतात ती खोली). आणि जवळच कॅथलॅब असती (2 तासांच्या आत) तर इंजेक्शनऐवजी थेट अँजिओप्लास्टीच (फुग्याने नस उघडून स्टेंट टाकणं) केली असती.

एकच गोष्ट, पेशंट उशिरा आला, नस पूर्ण बंद, 3 दिवस उलटलेत आणि त्रास काहीच नाही, अशांना स्टेंटचा खास फायदा होत नाही, 2006 च्या ओॲट (OAT) ट्रायलमध्ये, म्हणजे अशाच पेशंटवर केलेल्या अभ्यासात, हेच दिसलं. तुमची केस तशी वाटत नाही, फक्त अँजिओग्राफीच्या डायचा किडनीवर ताण येऊ शकतो, म्हणून किडनीचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवाच.