खडी फौज की तैनाती फौज?

प्रश्न : ‘कोस्टा रिकाला सैन्य नाही’ असं मी लिहिलं, तर इथे नागपुरात आमच्या शिकवणीतल्या सरांनी ‘खडी फौज नाही’ अशी दुरुस्ती केली. एवढा फरक पडतो का?

उत्तर : पडतो. सरांचाच शब्द ठेवा. लढाई असो-नसो, बारा महिने पगारावर असते ती खडी फौज. मध्य अमेरिकेतल्या या देशाचे तेव्हाचे सत्ताप्रमुख होसे फिगेरेस यांनी १ डिसेंबर १९४८ रोजी मोडली ती हीच. १९४९च्या राज्यघटनेचं बारावं कलम ‘कायमस्वरूपी संस्था’ म्हणून सैन्य रद्द करतं. देशाच्या संरक्षणासाठी ते उभारायची मुभा मात्र त्याच कलमात आहे. ‘सैन्य नाही’ म्हटलं की ही मुभा दिसेनाशी होते.

याच्या जोडीचा ‘तैनाती फौज’ हा शब्द तर आपल्या गावानं सोसलेला आहे. तैनाती म्हणजे चाकरीला नेमलेली. खर्च संस्थानाचा आणि हुकूम मात्र ईस्ट इंडिया कंपनीचा! नागपूरकर भोसल्यांचा किताब ‘सेनासाहेब सुभा’. त्याच घराण्यातल्या आप्पासाहेबांनी १८१६मध्ये तैनाती फौजेचा तह केला. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात त्या फौजेतल्या पलटणी सीताबर्डीच्या टेकडीवर चढल्या आणि भोसल्यांच्याच सैन्याशी लढल्या. भोसले हरले. १८५४मध्ये राज्यही खालसा झालं.

म्हणून ‘लहान देशाला स्वतःची फौज हवीच का’ या वादात मला आधी विचारावंसं वाटतं : नसेल, तर राखण कोणाच्या हुकमावर? एकाच बलाढ्य रक्षकाच्या ओसरीवर बसणं मला घातक वाटतं. कोस्टा रिकाची राखण अनेक देशांच्या करारावर होती. १९५५मध्ये शेजारच्या निकाराग्वाच्या बाजूनं बंडखोर घुसले, तेव्हा त्यानं अमेरिका खंडातल्या राष्ट्रांच्या संघटनेकडे दाद मागितली आणि ती मिळाली. खडी फौज पुन्हा उभारावी लागली नाही.

आइसलँडलाही खडी फौज नाही. तटरक्षक दल आहे. तो १९४९पासून नाटो या लष्करी आघाडीचा संस्थापक सदस्य, आणि तिथल्या केफ्लाविकला २००६पर्यंत अमेरिकी सैन्य होतं. त्याला काही जण तैनाती फौज म्हणतात, ते मला पटत नाही. तिचा पगार आइसलँडच्या तिजोरीतून जात नव्हता. तिथे ‘मित्रराष्ट्राचा लष्करी तळ’ असंच लिहा.