घरचं नेट वेगळं, प्रयोग वेगळा

चि. यास अनेक आशीर्वाद.

जुना ऑफिसातला डेस्कटॉप घेऊन त्यावर प्रॉक्समॉक्स (एकाच मशीनमध्ये अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक, चालवणारी प्रणाली) टाकायचं आणि घरचं सगळं इंटरनेट ओपीएनसेन्स या फायरवॉलमधून (नियम लावून वाहतूक अडवणारा पहारेकरी) फिरवायचं, हा तुझा बेत कळला. मशीन घे. घरचं नेट मात्र एवढ्यात त्यात गुंतवू नको; प्रयोग मशीनच्या आतल्या आत कर. बहिणीचा नीटचा ऑनलाइन क्लास चालू असताना तुझा एखादा नियम चुकला, तर रात्री जेवताना काय ऐकावं लागेल ते तुला ठाऊक आहे.

घेताना प्रोसेसरपेक्षा रॅम बघ. ८ जीबीत भागतं, १६ असली तर उत्तम. जुनी हार्ड डिस्क काढून २५६ जीबीची एसएसडी बसव. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू कर. जुन्या मशीनवर ते बऱ्याचदा बंद असतं आणि मग व्हर्च्युअल मशीन सुरूच होत नाही.

दुसरं लॅन कार्ड लागत नाही. प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएमबीआर० हा ब्रिज (व्हर्च्युअल मशीन जोडायचा आभासी स्विच) असतोच, तो घरच्या राउटरला जोडलेला. व्हीएमबीआर१ नवा तयार कर आणि त्याला कुठलाच पोर्ट देऊ नको. ओपीएनसेन्सचं वॅन (बाहेरची बाजू) पहिल्यावर, लॅन (आतली बाजू) दुसऱ्यावर. बाकी सगळी व्हर्च्युअल मशीन दुसऱ्यावरच.

इथं दोन ठिकाणी गाडी अडते. ओपीएनसेन्सचा लॅनचा पत्ता मुळात १९२.१६८.१.१ असतो आणि घरच्या राउटरचाही बऱ्याचदा तोच. दोन्ही बाजूंना एकच रेंज आली की पॅकेट कुठं पाठवायचं हे फायरवॉलला कळत नाही. ओपीएनसेन्सच्या कन्सोलवर (मजकुराच्या मेनूत) २ नंबरचा पर्याय घेऊन लॅनला १०.१०.१०.१ दे, मास्क २४. सेटिंगचं पान वॅनकडून उघडत नाही, म्हणून व्हीएमबीआर१ वर डेस्कटॉप असलेलं छोटं लिनक्स मशीन ठेव आणि तिथून उघड.

दुसरी अडचण जास्त धोक्याची, कारण ती दिसत नाही. लॅनवर सुरुवातीलाच ‘सगळं जाऊ दे’ असा नियम असतो. म्हणजे मेटास्प्लॉइटेबलसारखं हल्ल्याच्या सरावासाठी मुद्दाम कच्चं ठेवलेलं मशीन वॅनमधून सरळ घरच्या नेटवर्कात, बाबांच्या फोनपर्यंत पोचू शकतं. त्या नियमाच्या वर १९२.१६८.१.० / २४ (घरच्या नेटवर्कचे सगळे पत्ते) कडे जाणारं सगळं अडवणारा नियम टाक. नियम वरून खाली वाचले जातात, जो आधी जुळला तोच लागू. खाली टाकलास तर उपयोग शून्य. मग आतल्या मशीनवरून १९२.१६८.१.१ ला पिंग कर (उत्तर येतं का ते बघणारी हाक), उत्तर येता कामा नये. ८.८.८.८ कडून, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरून, आलं पाहिजे.

सुरिकाटाची (वाहतुकीतले हल्ले ओळखणारं सॉफ्टवेअर) घाई नको. ते रॅम खातं, आणि बहुतेक वाहतूक एन्क्रिप्टेड असल्यानं आतलं त्याला फारसं दिसतही नाही.

काली लिनक्स (हल्ल्याच्या सरावाची साधनं असलेली प्रणाली) व्हीएमबीआर१ च्या बाहेर काढायचं नाही. शेजाऱ्याच्या वायफायवर हात साफ करणं आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली येतं, शिक्षा ३ वर्षांपर्यंत.

लाईटचं तर आपल्याकडं विचारूच नको. इन्व्हर्टरला यूपीएस मोडचं बटण असेल तर त्यावर ठेव, नाहीतर दर झटक्याला मशीन रीस्टार्ट होईल. बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय असते, ती लाव. ओपीएनसेन्सलाही ‘स्टार्ट ॲट बूट’ दे. बायोसचं घड्याळ मागं पडलं तर सीआर२०३२ सेल बदल, कारण तारीख चुकली की एचटीटीपीएसची पानं उघडत नाहीत.

स्नॅपशॉट (व्हर्च्युअल मशीनची त्या क्षणीची नोंद) त्याच डिस्कवर असतो, त्याला बॅकअप समजू नको. ओपीएनसेन्सची कॉन्फिग फाइल पेनड्राइव्हवर काढ आणि दोन्ही पिंगचा निकाल कळव.

आई-बाबांना नमस्कार.

तुझा
काका