परशराम ठेवायचा की विहान? पत्रिका छापणाऱ्याचं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सासरे म्हणतात त्यांच्या वडलांचं परशराम हेच नाव ठेवा, नवऱ्याला मॉडर्न पाहिजे, आणि तुम्हाला विचारायचंय की जुनी नावं खरंच फिरून येतात का लोक उगीच म्हणतात. मी काही ह्यातला शास्त्री नाही. बेळगावात प्रेसमध्ये डीटीपी करतो, सत्तावीस वर्षं झाली, बारसं, लग्न, वास्तुशांती, उत्तरकार्य सगळं, मराठीत पण आणि कन्नडमध्ये पण. पाळण्यापासून मागं 'कै.' लागेपर्यंत माणसाचं नाव माझ्याच कीबोर्डवरनं जातं म्हणा की.

पिढ्या बघायच्या तर लग्नपत्रिकेसारखं रजिस्टर नाही. परवा एक केली, कडोलीकडची. वर नवऱ्याचे आजोबा कै. यल्लाप्पा, आजी नागव्वा. खाली वडील शिवाजी, चुलते तानाजी, मारुती, सुरेश. मग नवरामुलगा सचिन, भाऊ राहुल. आणि एकदम तळाला किलबिल, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' म्हणून आरव, शिवांश, रियांश, अन्वी, स्वरा. एका कागदावर ऐंशी-नव्वद वर्षं आली.

आता बघा, यल्लाप्पा हे नाव कुणी 'सिलेक्ट' केलेलं नव्हतं. सौंदत्तीची यल्लम्मा म्हणजेच रेणुका, तिचा मुलगा परशुराम, म्हणून आपल्याकडं घरटी एक यल्लाप्पा नाहीतर परशराम, आणि बायकांत यल्लुबाई, रेणुका. गावात कलमेश्वर असला की कल्लाप्पा, ब्रह्मलिंग असला की भरमाण्णा, चिंचलीच्या मायाक्काला नवस बोलला की मायाप्पा, आणि कोल्हापूरच्या अंगाला जोतिबा. नाव देवाकडनं यायचं नाहीतर मेलेल्या आज्याकडनं, आईबापाला कोण विचारत होतं! आणि घरात दोन-तीन पोरं लागोपाठ गेली असतील तर पुढच्याचं दगडू, धोंडू, केरबा, म्हणजे दृष्ट लागू नये, यमाला वाटावं हा काय कामाचा नाही. ही नावं फॅशन बदलली म्हणून गेली नाहीत बरं का, लस आली, दवाखाने आले, बाळं जगायला लागली आणि दगडू गेला. (मुलींचं नकुशी मात्र लई उशिरापर्यंत टिकलं, 2011 साली साताऱ्यात सरकारी कार्यक्रम करून शेकडो नकुशांची नावं बदलावी लागली, हे वेगळं दुखणं.)

आता ह्या व्यवसायात राहून मला जे दिसलंय ते सांगतो, बेळगावाबाहेरच्या माणसाला चटकन कळणार नाही. यल्लाप्पा, मल्लाप्पा, नागव्वा ह्या नावांवरनं घर मराठी की कन्नड हे ओळखताच येत नाही. आप्पा, अव्वा, अण्णा ही शेपटं दोघांचीच. आडनाव बघितल्याशिवाय मी पण सांगू शकत नाही. पण पुढची पिढी बघा, शिवाजी, संभाजी, तानाजी म्हटलं की मराठी, बसवराज, ईरण्णा, शिवानंद म्हटलं की कन्नड, डोळे झाकून. ही पोरं 1956 नंतर जन्मलेली, राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं त्यानंतरची, सीमाप्रश्न घरोघरी जेवताना निघायचा त्या काळातली. नावं त्यामुळंच बदलली असं मी छातीठोक म्हणणार नाही, शाळा, पेपर, शिवजयंती पण होतीच, पण सांधा तिथंच दिसतो. आणि आता? कन्नड पत्रिकेतली किलबिल आणि मराठी पत्रिकेतली किलबिल शेजारी ठेवली तर आरव, शिवांश, अद्विक, सान्वी, फक्त लिपी वेगळी. पणजोबा ओळखू येत नव्हते, पणतू पण ओळखू येत नाही, मधलेच तेवढे ओळखू येतात!

मी स्वतः सुनील, 1973 चा. गावसकरानं 1971 ला वेस्ट इंडिजमध्ये पहिल्याच सिरीजला 774 रन केले आणि त्याचं बिल आमच्या वर्गावर फाटलं, चार सुनील होतो, काळा सुनील, उंच सुनील, मास्तरांचा सुनील आणि मी चष्म्याचा. पुढं सचिनचं तेच, आणि गंमत म्हणजे सचिनचं नाव पण त्याच्या वडलांनी संगीतकार सचिनदेव बर्मनवरनं ठेवलेलं, म्हणजे आपल्या गल्लीतल्या निम्म्या सचिनांचा उगम बंगालात. अमेरिकेत तर ह्याचा सरकारी हिशोबच असतो, तिथल्या सोशल सिक्युरिटी खात्याकडं 1880 पासूनच्या नावांची यादी आहे. त्यात जेनिफर हे नाव 1970 ते 1984 सलग पंधरा वर्षं मुलींत एक नंबरला, आणि मग असं घसरलं की आता जेनिफर म्हटलं की तिथल्या पोरांना कुणाची तरी आई आठवते. आपल्या सुनीता, संगीताचं दुसरं काय झालं?

त्याच यादीत अजून एक आहे. 1880 ला तिथं शंभर पोरांत आठ जॉन होते, आता पहिल्या नंबरचं नाव पण शंभरात एखाद्यालाच असतं. म्हणजे सगळ्यांना वेगळं नाव पाहिजे. पण वेगळं करता करता आवाज एकच होतो, तिकडं एडन, जेडन, ब्रेडन, हेडन, इकडं शिवांश, रियांश, अयांश, दिव्यांश. तुम्ही म्हणताय ना, यादी वाचून सगळी सारखीच वाटतात, ते ह्यामुळं. आणि त्या नावांच्या साइटवर अर्थ बघू नका, कुठलंही नाव टाका, मुलगा असला तर विष्णू आणि मुलगी असली तर लक्ष्मी, ठरलेलं.

आता मुद्द्याचं, जुनी परत येतात का. येतात, पण सगळी नाही आणि लगेच नाही. आईबापाच्या पिढीचं नाव काकाचं वाटतं, आज्याच्या पिढीचं नाव म्हाताऱ्याचं वाटतं, पणज्याचं मात्र गोड वाटतं, कारण ते नाव घेऊन ओरडणारं-खोकणारं माणूस घरात शिल्लक नसतं. म्हणून मीरा, रमा, राधा, केशव, माधव आली बघा, कार्डावर दिसायला लागलीत. शोभा, मंगल, सुरेखा नाही आल्या, त्या अजून भिशीला येतात. आणि आप्पा-अव्वाचं शेपूट असलेलं एकही नाव माझ्याकडं बारशाला परत आलेलं नाही, का तर ते कानाला गावचं वाटतं, आणि गाव आपल्याला रिसॉर्टच्या नावातच आवडतं.

तुमच्या बाबतीत सासऱ्यांचं मन राखायचं आणि नवऱ्याचं पण, तर भार्गव ठेवा. भृगूच्या कुळातला म्हणून परशुरामाचंच नाव ते, देव तोच, आणि वर्गात हाक मारली तर कुणी हसणार नाही. आजोबांना परशा म्हणायचं तर म्हणू देत, घरातलं नाव कुठं दाखल्यावर येतं. राशीचं अक्षर जुळत नाही म्हणून अडू नका, सत्तावीस नक्षत्रं गुणिले चार चरण म्हणजे 108 अक्षरं, त्यात आर्द्राच्या वाट्याला कू, घ, ङ, छ येतात, आता ङ वरनं काय ठेवणार? पूर्वी हे अक्षर जन्मनावाला, पत्रिका जुळवण्यापुरतं, आणि हाक मारायचं नाव वेगळं. दोन्हीचं एक करायच्या नादात लोक माझ्या टेबलापुढं उभं राहून मोबाईलवर नावं शोधत बसलेले मी बघितलेत. एक आजोबा तर म्हणाले, 'तूच छाप गा काय छापायचं ते, मी नातवाचं नाव बोलायला अजून शिकूलोय.'

एक मात्र बघा, इथल्या जन्मदाखल्यावर नाव कन्नड आणि इंग्रजीत येतं. ज्ञ असलेलं नाव आवडलं असेल, ज्ञानदा, प्रज्ञा वगैरे, तर इंग्रजी स्पेलिंग स्वतः कागदावर लिहून द्या. आपण द्न्या म्हणतो, कन्नडवाले ज्ञ वेगळाच म्हणतात, हिंदीवाले ग्या, आणि लिहिणारा त्याच्या कानाप्रमाणं लिहितो. आमच्याच घरातल्या एका मुलीचं दाखल्यावर एक, शाळेत एक आणि आधारवर तिसरंच स्पेलिंग होतं, निस्तरायला दीड वर्ष गेलं. भार्गवला तो त्रास नाही.

आणि कार्ड कुठंही छापा, प्रूफ आत्याला दाखवा, नाव ठेवणारी तीच असते. गेल्या महिन्यात माझ्याच हातनं विहानचं विमान झालं होतं, तिघांनी वाचून ओके दिलं, तिनंच पकडलं.