वारुळावरची आळंबी पाचटावर का येत नाही

भावा, राधानगरीकडची वारुळावरची आळंबी आणून उसाच्या पाचटात लावलीस आणि पिशव्यांत नुसती हिरवी बुरशी आली, हे वाचून डोकंच सटकलं, सेम माझीच कथा. पाचट उकळणं, निथळणं वगैरे तू केलंच असशील, त्यात जात नाही.

मला खड्ड्यात घातलं ते एका सल्ला केंद्रानं, नाव घेत नाही, उगाच वाद नको. साहेबांनी मान वर न करता सांगितलं, आळंबी ती आळंबी, पाचट द्या, येतंय. वारुळावर मिळाली का लाकडावर, कुठल्या झाडाखाली, एक प्रश्न नाही. वर हातात कागद दिला तो धिंगरीचा, म्हणजे ऑयस्टर मशरूमचा! अख्खा पावसाळा गेला, शेडचं भाडं गेलं ते वेगळंच.

अरे, पहिलं विचारायचं ते ह्या आळंबीला कार्बन, म्हणजे तिचं खाणं, देतंय कोण. धिंगरी मेलेल्या लाकडावरची, लाकडातलं सेल्युलोजच काय, त्याला कडक करणारं लिग्निनपण फोडायची एन्झाइम्स (पाचक रसायनं) तिच्याकडं असतात म्हणून पाचट चालतं (नायट्रोजनसाठी ती सूत्रकृमी, म्हणजे बारीक किडेपण पकडून खाते, आणि आपण शाकाहारी म्हणून विकतोय). वारुळावरची टर्मिटोमायसिस वेगळी. वाळवी पालापाचोळा, लाकूड खाऊन विष्ठेचं पोळं रचते, बुरशी त्यावर वाढते आणि मग ते मुरलेलं पोळं आणि बुरशी वाळवीच खाते. म्हणजे हिची आचारी वाळवी, ती नसली की बुरशीचं जाळं लॅबमध्ये कसंबसं वाढेलही, पण आपल्या शेडमध्ये छत्री यायची विसर.

निलगिरीखाली पिसोलिथस नावाची बुरशी सापडते, तीपण आणू नको, ती जिवंत मुळांना धरून असते, झाडानं पानात केलेली साखर घेते आणि बदल्यात फॉस्फरस देते. आणि कोण मायकोरायझाची (मुळांशी जोडून राहणाऱ्या बुरशीची) पावडर 'बियाणं' म्हणून गळ्यात मारत असेल तर सरळ उठून ये. त्या पुड्यात बहुतेक वेळा असते ती बुरशी मुळाशिवाय वाढतच नाही, साखर आणि चरबी दोन्ही झाडाकडूनच घेते, छत्री तर तिला येतच नाही. उसाच्या मुळाशी टाकायची ती वस्तू, तिथंपण फरक पडतोच असं मी म्हणणार नाही.

मी काय शास्त्रज्ञ नाही, पण माझं मत विचारशील तर धिंगरीचं चांगलं स्पॉन (आळंबीचं बियाणं) घे आणि गप धिंगरीच कर. अभयारण्यातनं परवानगीशिवाय काही उचलू नको, रानातली ओळख पटल्याशिवाय खाऊ तर अजिबात नको. आणि त्या हिरव्या पिशव्या शेडमध्ये फोडू नको, बीजाणू सगळीकडं उडतात, बंदच लांब ने आणि पुरून टाक.