कॉलेजच्या हजेरीपटावर नाव आहे तोवरच होणारी कामं

पदवीचं शेवटचं वर्ष सुरू झालंय, कॉलेज सुटायच्या आत काय काय करून घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. खाली जोडलंय की घरचे म्हणतात, बाकी सगळं सोड, आत्तापासून स्पर्धा परीक्षेला लाग. ही दुसरी ओळ वाचली म्हणून लिहायला बसले.

माझं मत सरळ आहे. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास पदवीनंतरही करता येतो. कॉलेजच्या हजेरीपटावर नाव असताना जी कामं होतात, ती नंतर होत नाहीत, नाहीतर दहा चकरा मारून होतात. म्हणून हे वर्ष त्या कामांचं. हे मी कुठे वाचलेलं नाही, माझ्यावर गुदरलंय.

मी अमळनेर तालुक्यातली. 2016 साली गणित घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, गावाहून एसटीने ये-जा. त्याआधी बरीच वर्षं आप्पा सुरतला यंत्रमागावर होते आणि घर लिंबायतला होतं. आमच्याकडच्या गावागावातली माणसं सुरतेत आहेत, तुम्हाला ते सांगायला नको. मी मात्र दहावी गावी आजीजवळ राहून केली. उन्हाळ्याच्या सुट्टीत सुरतला गेले तेव्हा माझं आधारकार्ड तिथेच काढलं. आप्पांचं नाव ज्ञानेश्वर. आपण 'ज्ञ' इंग्रजीत डी-एन-वाय असा लिहितो, गुजरातेत तोच जी-एन असा लिहितात. त्यामुळे दहावीच्या सर्टिफिकेटवर माझे वडील डी-चे आणि आधारवर जी-चे. घरात कुणाच्या हे ध्यानातही आलं नव्हतं.

त्या वर्षी आमच्या कॉलेजने युवारंगसाठी, म्हणजे विद्यापीठाच्या युवक महोत्सवासाठी, एकांकिका बसवली. युवारंगला जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतली कॉलेजं येतात. मला कापूस वेचणाऱ्या म्हातारीचं काम मिळालं, सगळे संवाद अहिराणीत. घरात आम्ही अहिराणीच बोलतो. पण माझा मोठा भाऊ मला सारखा सांगायचा की पुण्याला क्लासला गेल्यावर अशी बोललीस तर पोरी हसतील, आत्तापासून शुद्ध बोलायची सवय लाव. आणि मी त्याच भाषेत स्टेजवर उभी राहणार होते. तो महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही.

तालीम चार ते सात चालायची, मग धावत जाऊन शेवटची गाडी धरायची. घरी आल्यावर आजी अंगणात मला उभी करायची. कमरेला ओटी कशी बांधायची, ओटी भरत गेली की चाल कशी जड होते, बोंडातून कापूस काढताना बोटं कुठे टोचतात, हे सगळं तिने दाखवलं. दिग्दर्शन करणाऱ्या सरांनाही ते माहीत नव्हतं. आजी आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात वेचणीला गेली होती आणि तिला याबद्दल कुणी कधी काही विचारलं नव्हतं.

परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख तालमीच्याच दिवशी आली. भाऊ म्हणाला, मी भरतो नेट कॅफेत, तू जा तुझ्या नाटकाला. फॉर्ममध्ये नाव तपासून दुरुस्त करायचा रकाना होता. त्याने आधार समोर धरलं, फरक दिसला, आणि दहावीपासून चालत आलेलं बरोबर नाव बदलून जी-चं केलं. रात्री मला सांगितलंही. मी म्हटलं, असं कसं केलंस? तर म्हणाला, "एक अक्षरनी काय व्हस वं, आधार सरकारनं शे." मी थकले होते, गप्प बसले. ती चूक माझी.

एकांकिकेला बक्षीस मिळालं नाही. प्रयोग संपल्यावर नंदुरबारकडच्या एका कॉलेजची मुलगी विंगेत येऊन म्हणाली, "तू आमनी माय सारखी बोलस." माझ्या तीन वर्षांच्या सगळ्या मार्कांपेक्षा मला ते वाक्य पुरतं.

दीड वर्षाने एका सरकारी भरतीच्या निवड यादीत माझं नाव लागलं. कागदपत्र पडताळणीला टेबलावरच्या माणसाने दहावीचं सर्टिफिकेट आणि पदवी शेजारी शेजारी ठेवली आणि विचारलं, यातले तुमचे वडील कोणते? पंधरा दिवसांची मुदत मिळाली. दुरुस्ती पंधरा दिवसांत होत नाही. तहसीलला जाऊन प्रतिज्ञापत्र, प्राचार्यांच्या सहीचा अर्ज, दहावीच्या सर्टिफिकेटची साक्षांकित प्रत, शेवटच्या वर्षाची मूळ गुणपत्रिका आणि पदवी परत जमा, मग वाट बघा. अमळनेरहून विद्यापीठात पॅसेंजरने किती फेऱ्या झाल्या ते मोजणं मी सोडून दिलं. नवी पदवी हातात यायला चार महिने लागले, तोवर ती जागा प्रतीक्षा यादीतल्या कुणाला तरी गेली. पुढची नोकरी मिळायला आणखी दोन वर्षं गेली.

भाऊ आजही म्हणतो, नाटकाच्या नादात हिची नोकरी गेली. कानबाईच्या रोटाला, म्हणजे आमच्याकडच्या देवीच्या सणाला, सगळी भाऊबंदकी जमते, तिथेही म्हणतो. मी दरवर्षी तेच उत्तर देते. नाटकाने माझं काहीही नेलं नाही. ज्या फॉर्मवर सही माझी होती तो मी दुसऱ्याच्या हाती दिला, तिथे नोकरी गेली. आणि नाटक सोडून मी पुण्याच्या क्लासमध्ये बसले असते तरी तो फॉर्म त्यानेच भरला असता, कारण त्याला वाटायचं की पोरीला हे जमत नाही. आज माझ्या कामात दिवसभर खेड्यापाड्यातल्या बायकांशी बोलावं लागतं. समोरची बाई चाचरायला लागली की मी अहिराणीत बोलते आणि ती मोकळी होते. हे मला कुठल्या क्लासने शिकवलेलं नाही.

आता तुमच्या कामाचं. दहावीचं सर्टिफिकेट हा पाया धरा. आधार, पॅन, बँक पासबुक, अपार आयडी (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक), सगळं त्याच्याशी जुळवा. आधार दहावीप्रमाणे करून घ्या, दहावी आधारप्रमाणे करायला जाऊ नका. आधारवरचं नाव जन्मात दोनदाच बदलता येतं, तेव्हा एकदाच नीट करा. आईच्या नावाचं स्पेलिंगही बघा, ते कुणी बघत नाही.

एटीकेटी असेल तर तो विषय याच वर्षी उरकून टाका. राष्ट्रीय सेवा योजनेत असाल तर दोन वर्षांचे 240 तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर पूर्ण असल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. शिबिर राहिलं असेल तर या हिवाळ्यात जा, आणि प्रमाणपत्र स्वतः मागून घ्या. एनसीसीवाल्यांनी 'सी' सर्टिफिकेटची परीक्षा सोडू नये. पुढे राखीव जागेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं असेल तर जात पडताळणीचा प्रस्ताव विद्यार्थी असतानाच कॉलेजमार्फत टाका. पुणे, मुंबई किंवा सुरतेला दुसऱ्या विद्यापीठात जाणार असाल तर मायग्रेशन, म्हणजे विद्यापीठ बदलायचं प्रमाणपत्र, लागेल. दाखला काढताना ग्रंथालयाची पुस्तकं परत करून अनामत रक्कम मागायला लाजू नका, ती आपलीच असते.

फिरायचं म्हणाल तर, तुम्ही शिरपूरकडचे आहात, तर धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आयडी कार्ड खिशात असताना बघून या. आम्हाला गणिताच्या सरांनी शेवटच्या वर्षी चाळीसगावजवळ पाटणादेवीला नेलं होतं. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, हे तिथे सापडलेल्या तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या शिलालेखात लिहिलंय. तीन वर्षं गणित शिकले आणि हे आपल्या जिल्ह्यातलं आहे हे मला त्या दिवशी कळलं. वर्गातल्या निम्म्या पोरी आल्या नव्हत्या, घरून परवानगी नव्हती. मुली असतील तुमच्या वर्गात, तर त्यांच्या घरी सरांना आधी फोन करायला लावा.

भावाची एक गोष्ट मान्य करते. यूपीएससीला शेवटच्या वर्षातले विद्यार्थीही बसू शकतात आणि काही सीईटीचे अर्जही याच वर्षी भरायचे असतात, त्या तारखा चुकवू नका. घरी खरंच पैशाची ओढ असेल आणि तुमच्या पगाराकडे डोळे लावून कुणी बसलं असेल, तर माझं नाटकाचं पुराण बाजूला ठेवा. आणि चौथ्या वर्षाला ऑनर्ससाठी थांबणार असाल तर यातल्या निम्म्या गोष्टींना एक वर्ष जास्त मिळेल, नावाचं काम सोडून.

नावाचं काम आजच करा. दहावीचं सर्टिफिकेट आणि आधार शेजारी ठेवा, एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचा. फरक निघाला तर परीक्षेचा फॉर्म सुटायच्या आत कॉलेजच्या ऑफिसात स्वतः जा, आणि तो फॉर्म स्वतःच्या हाताने भरा, भाऊ कितीही म्हणाला तरी. आणि युवारंगसाठी कॉलेजात निवड चालू असेल तर नाव द्या. अहिराणी येत असेल तर तसं सांगा, असं काम करणारं माणूस त्यांना लवकर मिळत नाही.